सांधा कानाला लागतो

मुंबईहून नेदरलँड्सला उतरणारा मराठी प्रवासी तिथल्या मोठ्या विमानतळाचं नाव शिफोल, शिपोल, स्किफॉल असं काहीही म्हणतो. डच माणूस म्हणतो स्खिप-हॉल, आणि जोर देतो 'स्खिप'वर. या नावात पी आणि एच ही रोमन अक्षरं शेजारीशेजारी येतात. इंग्रजी वाचनाच्या सवयीने आपण त्यांचा 'फ' करतो आणि नाव बिघडतं. पी हा एका शब्दाचा शेवट आहे, एच ही दुसऱ्याची सुरुवात. नावाच्या व्युत्पत्तीबद्दल डच लोकांत मतं अनेक आहेत, पण दोन तुकडे कुठे जोडले आहेत याबद्दल वाद नाही. तो जोड कागदावर मात्र कुठेच दिसत नाही.

हे छोटं पुस्तक त्या न दिसणाऱ्या सांध्याबद्दल आहे. डच भाषेत दोन नामं एकत्र आली की ती एकाच शब्दासारखी लिहायची, मध्ये जागा सोडायची नाही, संयोगचिन्हही सहसा द्यायचं नाही. 'झाक' म्हणजे खिसा, 'डूक' म्हणजे कापड. दोन्ही मिळून रुमाल. इथवर सोपं आहे. पण हीच भाषा कार्यालयात गेली की अपंगत्व आल्यास उत्पन्न देणाऱ्या विम्याला ३३ रोमन अक्षरांचा एक सलग शब्द वापरते, आणि तो शब्द घरी आलेल्या पत्रात काही सवलत न देता छापलेला असतो. डच वाचकाची नजर त्यावर अडखळत नाही. नवशिक्याची सातव्या-आठव्या अक्षरापाशी अडखळते, कारण 'हा शब्द कुठे मोडतो?' हा प्रश्न त्याला प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो.

आधी परिभाषा. 'अक्षर' या शब्दाने मराठीत दोन गोष्टींचा घोळ होतो. यापुढे अक्षर म्हणजे उच्चाराचा एक घटक, एका स्वराभोवती बांधलेला. कागदावरच्या रोमन चिन्हाला मी 'वर्ण' म्हणेन. आघात म्हणजे एखाद्या अक्षरावर पडणारा जोर. समासाच्या दोन भागांना शाळेत शिकलेली पूर्वपद आणि उत्तरपद हीच नावं ठेवली आहेत. त्यांच्याहून चांगली मला सापडली नाहीत. डच 'जी' घशातून घासत येतो, तो सगळीकडे 'ख'ने लिहिला आहे. देवनागरीत डच स्वर पुरते उतरत नाहीत, पण आघात आणि सांधा दाखवायला ही लिपी पुरते.

जोडशब्दांची ही आवड आजची नाही. ब्रुखमध्ये १५४८ साली जन्मलेले गणिती आणि अभियंते सिमॉन स्टेव्हिन यांनी १५८६ साली वजन-तोलाच्या शास्त्रावर लॅटिनऐवजी डचमध्ये ग्रंथ लिहिला आणि त्याला आपल्या भाषेच्या थोरवीवर एक निबंधच जोडला. त्यांचा युक्तिवाद असा, की डचमध्ये एका अक्षराची मुळं भरपूर आहेत, ती हवी तशी जोडता येतात, म्हणून शास्त्रासाठी हिच्याइतकी सोयीची भाषा नाही. भाषाप्रेमाचा भाग वजा केला तरी मुद्दा उरतो. युरोपातल्या बहुतेक भाषा गणिताला ग्रीक मुळाचं नाव देतात. डच मूल आजही शाळेत 'विस्कुंड' शिकतं, म्हणजे 'निश्चिताचं ज्ञान', आणि त्या शब्दाचं पूर्वरूप स्टेव्हिन यांनी रुळवलेलं आहे. छोट्या मुळांचा फायदा स्टेव्हिन यांनी सांगितला, तोटा सांगितला नाही. तुकडे जितके छोटे, तितकी ते चुकीच्या जागी तोडण्याची शक्यता जास्त.

डच शिकवणाऱ्या बहुतेक वर्गांत पहिल्या आठवड्यात एक नियम सांगतात: जोडशब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर द्या. नियम निम्मा खरा आहे, आणि निम्मा खरा नियम जास्त त्रास देतो. जोर पहिल्या अक्षरावर नसतो, पहिल्या पदावर असतो; आणि त्या पदात तो एरवी जिथे पडतो तिथेच राहतो. 'कोनैन' म्हणजे ससा, जोर 'नैन'वर. सशाच्या खुराड्याला 'हॉक' जोडला तरी जोर 'नै'वरून हलत नाही. 'कान्तोर' म्हणजे कचेरी, जोर 'तोर'वर. कचेरीच्या इमारतीच्या नावातही तो 'तोर'वरच. उत्तरपदाचा स्वतःचा आघात नाहीसा होत नाही, फक्त दुय्यम होतो. म्हणजे पूर्वपद आपला आघात राखतं आणि उत्तरपद मान खाली घालतं.

आता अपवाद, आणि तोही रोजच्या वापरातला. गावाचा कारभार जिथून चालतो त्या इमारतीला डचमध्ये दोन नावं आहेत. एक 'खमेन्तहाउस', त्यात जोर 'मेन'वर, नियमाप्रमाणे पूर्वपदात. दुसरं 'स्टाटहाउस', शहराचं घर, आणि त्यात जोर 'हाउस'वर. काम तेच, उत्तरपद तेच, आघात मात्र उलट. त्याच इमारतीत बसणाऱ्या नगराध्यक्षाला 'बुर्खमेस्तर' म्हणतात, जोर 'मेस'वर. तांबड्या कोबीचं नाव 'रोदकोल' एका शब्दात लिहितात, पण त्याचा आघात 'कोल'वर राहतो; 'तांबडा कोबी' हे विशेषण आणि नाम सुटंसुटं म्हणताना पडतो तसाच. असे शब्द नियमात कोंबण्यात अर्थ नाही. ते पाठ करावेत.

गावांच्या नावांचं तर स्वतंत्र प्रकरणच करावं लागलं. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, झानडॅम, व्होलेनडॅम, एडॅम: नदीवर घातलेला बांध म्हणजे 'डाम', आणि या सगळ्या नावांत आघात त्या बांधावर, शेवटच्या अक्षरावर. मराठी कुटुंबं बऱ्याच संख्येने जिथे राहतात त्या आम्स्टलव्हेनचंही तसंच, जोर 'व्हेन'वर. याउलट आपल्या संगणक-अभियंत्यांचं दुसरं मोठं गाव आइंडहोवन. तिथे जोर पहिल्याच अक्षरावर आहे, शिवाय लिहिलेला 'ड' उच्चारात 'ट' होतो आणि शेवटचा 'न' बहुधा गळतो: ऐन्ट-होव्ह. रेल्वेतली घोषणा कानावर पडूनही आपलं स्टेशन निघून जातं, त्याचं कारण बहुतेक वेळा शब्दसंग्रहात नसतं, आघातात असतं.

तो 'ड' 'ट' का होतो हे समजलं की सांध्याचं अर्धं गणित सुटतं. डचमध्ये अक्षराच्या शेवटी 'ड', 'ब' यांसारखं घोष व्यंजन टिकत नाही: 'ड'चा 'ट' होतो, 'ब'चा 'प'. 'होफ्ट' म्हणजे डोकं, मुख्य. लिहिताना शेवटी डी वर्ण येतो, ऐकताना 'ट'. अनेकवचन केलं की डी पुढच्या अक्षरात सरकतो आणि पुन्हा 'ड' ऐकू येतो. पण त्याच शब्दापुढे 'प्रवेशद्वार' या अर्थाचा, स्वराने सुरू होणारा शब्द जोडून 'मुख्य प्रवेशद्वार' केलं, तर डीच्या पुढे स्वर येऊनही उच्चार 'होफ्ट-इन्खांग' असाच राहतो. स्वर दारात उभा आहे, तरी व्यंजन उंबरठा ओलांडत नाही. खेर्ट बोय यांनी १९९५ साली डच ध्वनिव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथात याचा उलगडा नीट केला आहे: लिहिताना समास एक शब्द असला, तरी उच्चाराच्या दृष्टीने त्यातलं प्रत्येक पद स्वतंत्र शब्द असतं आणि अक्षरं पाडण्याचं काम त्या-त्या पदाच्या आत पुरं होतं. मला हा उलगडा फार आवडतो, कारण एका वाक्यात तो आघातही समजावतो आणि अक्षरविभागणीही.

सांधा ओलांडून काहीच जात नाही असं मात्र नाही. वरच्या रुमालाचं पाहा. 'झाक' आणि 'डूक' एकत्र आले की डच माणूस 'झागडूक' म्हणतो. पुढच्या 'ड'ने मागच्या 'क'ला घोष केलं. गंमत अशी की हा 'ग' खास डच शब्दांत एरवी नसतोच, तो परक्या शब्दांत भेटतो किंवा अशा सांध्यावर. संस्कृत संधीचे नियम घोकलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. तिथे आपला कोणी हात धरू शकत नाही.

साध्या, न जोडलेल्या शब्दांत अक्षर कुठे तुटतं यावर डच लेखनाचा सगळा डोलारा उभा आहे. अक्षर स्वरान्त असेल तर दीर्घ स्वरासाठी एकच वर्ण पुरतो; व्यंजनान्त असेल तर स्वराचा वर्ण दोनदा लिहावा लागतो. चंद्र या अर्थाच्या 'मान' शब्दात ए वर्ण दोनदा येतो, पण अनेकवचन केलं, शब्द 'मा-न' असा तुटू लागला, की एक ए गळतो. माणूस या अर्थाच्या शब्दात स्वर ऱ्हस्व आहे. तो ऱ्हस्व ठेवायचा म्हणून अनेकवचनात एन दुप्पट होतो. म्हणजे शब्द कुठे तुटतो हे ठाऊक नसेल तर त्यातला स्वर लांब की आखूड हेही कळत नाही. आघातही लेखनात डोकावतो. गुडघ्याचा 'क्नी' आणि वसाहतीचा 'कोलोनी', दोन्ही शब्द त्याच दोन वर्णांनी संपतात. अनेकवचनात गुडघ्याला ई आणि एन असे दोन वर्ण लागतात, कारण आघात शेवटी आहे. वसाहतीला फक्त एन लागतो, कारण आघात 'लो'वर आहे. दोन्ही ठिकाणी एका ईवर दोन टिंबं येतात, 'इथून नवं अक्षर सुरू' असं सांगायला. समासात ती टिंबं चालत नाहीत. दोन स्वर सांध्यावर आदळून वाचताना घोटाळा होणार असेल तर तिथे संयोगचिन्ह येतं. सांधा डोळ्यांना दाखवण्याचे डच लेखनाचे प्रसंग थोडे, त्यांतला हा एक.

बाकी ठिकाणी वाचकाने आपलं पाहावं. आणि वाचकाने पाहिलं नाही की काय होतं, त्याचा डच लोकांनी खेळ करून ठेवला आहे. 'बॉमेल्डिंग' असा लिहिलेला शब्द पाहा. 'बॉम-मेल्डिंग' म्हणजे बॉम्ब ठेवल्याची खबर. पण तोच वर्णक्रम 'बॉमल-डिंग' असा तोडला तर ती बॉमलची वस्तू होते. बॉमल हे मार्टेन टोन्डर यांच्या चित्रकथांमधलं, घराघरांत ठाऊक असलेलं जाडजूड अस्वल. या जातीच्या सगळ्याच शब्दांना आता 'बॉमेल्डिंग' म्हणतात. अशा भाषाखेळांचं मोठं संकलन हुगो ब्रांट कॉर्स्टिउस यांनी 'बाटुस' या टोपणनावाने १९८१ साली प्रसिद्ध केलं. नेदरलँड्स म्हणजे 'खालचा' देश, तर त्याच्या खेळकर भाषेला त्यांनी 'वरच्या देशाची' भाषा म्हटलं. हाच माणूस संगणकीय भाषाशास्त्रातला डॉक्टर होता आणि यंत्राकडून डच शब्द तोडून घेण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत सामील होता. शब्द चुकीचा तुटला तर हसू येतं हे ज्याला कळतं, त्यालाच तो बरोबर तोडण्याचं शास्त्र सुचतं, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटत आलं आहे.

आपल्या अलंकारशास्त्रात याला सभंग श्लेष म्हणतात. फरक इतकाच, की आपल्याकडे तो कवीला मुद्दाम रचावा लागतो. डचमध्ये तो वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात आपोआप घडतो. मालिशचा पलंग आणि सामुदायिक प्रार्थना यांचे वर्ण एकसारखे आहेत. 'मासाझ-बेट' म्हटलं तर पलंग, जोर 'सा'वर, जी फ्रेंच धाटणीने 'झ'. 'मासा-खबेट' म्हटलं तर प्रार्थना, जोर 'मा'वर, जी घशातला. इथे आघाताने काम चोख केलं. पण चेरी टोमॅटो घ्या: 'केर्स-तोमात्यस', पहिल्या अक्षरावर जोर. एक 'ट' अलीकडे ओढा, 'केर्स्ट-ओमात्यस', नाताळच्या छोट्या आज्या. जोर पुन्हा पहिल्याच अक्षरावर. 'डैक-राम्प' म्हणजे बंधारा फुटण्याची आपत्ती, 'डै-क्राम्प' म्हणजे मांडीत आलेला पेटका. दोन्हींत आघात एकाच जागी. ऐकताना 'क' कुठल्या अक्षराला चिकटला हे जाणकार कानाला कळतं. कागदावर मात्र जगाची माहिती असल्याशिवाय सुटका नाही. आणि ती माहिती त्या देशात प्रत्येकाला आहे. १९५३ साली ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या दरम्यानच्या रात्री उत्तर समुद्राने नैऋत्येकडचे बंधारे फोडले आणि नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. पाणी, संकट आणि आपत्ती असे तीन शब्द जोडून त्या घटनेचं नाव झालं आहे. 'राम्प' हे उत्तरपद दिसलं की त्या लोकांच्या मनात पेटका येत नाही.

यंत्राच्या मनात मात्र काहीच येत नाही. मुद्रणासाठी ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर यंत्राला वर्णांचे नमुने शिकवतात. फ्रँक लियांग यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८३ साली या विषयावर प्रबंध लिहिला. त्यांची पद्धत डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी-प्रणालीत गेली आणि पुढे डचसह अनेक भाषांना लागू झाली. ती उत्तम चालते. पण 'पाव वळणं' आणि 'क्वार्ट्झचे थर' हे दोन अर्थ एकाच वर्णक्रमात दडलेले असताना कुठला नमुना काय करणार? त्यात डच नियम असाही आहे की आजीच्या लाडक्या रूपात दुहेरी लिहिलेला ए ओळीच्या शेवटी शब्द तुटताना एकेरी होतो. शब्द तोडला की वर्ण कमी होतो, असा हिशेब यंत्राला वेगळाच शिकवावा लागतो.

सांध्यावरच्या वंगणाबद्दल, म्हणजे दोन पदांमध्ये येणाऱ्या एस आणि ईएन या वर्णांबद्दल, डच समाज जितका भांडला तितका तो मोठ्या प्रश्नांवरही क्वचित भांडला असेल. १९९५ साली हिरव्या मुखपृष्ठाच्या अधिकृत शब्दसूचीने धिरड्यासारख्या 'पानकूक'मध्ये एक एन घालायला लावला. पहिल्या पदाचं अनेकवचन ईएनने होतं, म्हणून. सूर्यफुलात तो नाही, कारण सूर्य एकच. देशाच्या मोठ्या भागात हा एन कोणी उच्चारत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला तवे किती आणि सूर्य किती याचा विचार करावा लागतो. २००५ची सुधारणा आल्यावर काही मोठ्या वर्तमानपत्रांनी ती पाळायचंच नाकारलं, आणि २००६ साली पांढऱ्या मुखपृष्ठाची पर्यायी सूची निघाली. या वादाला पुस्तकात दीड पान दिलं आहे. तेही जास्त झालं असावं.

त्याहून गंभीर रोग उलट दिशेने येतो आहे. इंग्रजीच्या प्रभावाने दुकानांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत जोडशब्द सुटे लिहिले जातात. लांब पल्ल्याचा धावपटू हा एकच शब्द. 'लांब' सुटा लिहिला की तो पल्ल्याला सोडून धावपटूला चिकटतो, आणि उरतो पल्ला धावणारा एक उंच माणूस. डच लोक याला 'इंग्रजी रोग' म्हणतात. मुडदूस या हाडांच्या रोगाचं त्यांच्या भाषेत तेच नाव आहे.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. साध्या डच शब्दात आघात शेवटच्या तीन अक्षरांच्या मागे जात नाही. त्यामुळे सहा अक्षरांच्या शब्दात जोर पहिल्याच अक्षरावर आदळला, की हा जोडशब्द आहे हे कानाला कळून चुकतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती होणाऱ्या बोलण्याला असा एक शब्द आहे, 'क्यो-कन-ता-फल-ख-स्प्रेक'. वृद्धांना कोणती मदत लागेल हे ठरवायला पालिकेचा माणूस घरी येऊन बसतो, त्या भेटीलाही तो वापरतात. जोर 'क्यो'वर पडला की पुढची पाच अक्षरं उतारावरून येतात. नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेत ॲन कटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच ऐकणाऱ्यांवर प्रयोग केले. 'ऑक्टोपुस'मध्ये जोर आरंभी, 'ऑक्टोबर'मध्ये 'टो'वर. पहिली दोनच अक्षरं ऐकवली तरी आघातावरून डच श्रोता दोहोंपैकी योग्य शब्दाकडे झुकतो. इंग्रजी श्रोता आघाताचा एवढा उपयोग करत नाही, तो स्वरांच्या गुणावर विसंबतो. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपला कान या बाबतीत कोरा आहे.

पण आपली परंपरा कोरी नाही. पतंजलीच्या महाभाष्यात त्वष्ट्याच्या यज्ञाची कथा येते. इंद्राला मारणारा पुत्र हवा म्हणून मंत्रात 'इन्द्रशत्रु' शब्द होता. अन्त्य स्वर उदात्त म्हटला असता तर तत्पुरुष, इंद्राचा संहारक. म्हटला गेला आरंभीचा, झाला बहुव्रीही, इंद्र ज्याचा संहारक आहे तो, आणि जन्मलेला पुत्र वृत्रच मारला गेला. पाणिनीने सहाव्या अध्यायाचा दुसरा पाद समासांच्या स्वरांनाच दिला आहे. त्यात बहुव्रीहीबद्दल पहिलंच सांगणं असं, की पूर्वपद आपला मूळ स्वर राखतं. वर डच समासाबद्दल मी जे लिहिलं ते जवळजवळ याच शब्दांत. वैदिक स्वर हा सुराच्या उंचीचा होता, डच आघात जोराचा आहे. आणि डच समास अर्थाने बहुतांशी तत्पुरुष असूनही आघाताने बहुव्रीहीसारखे वागतात. साम्य इथे संपतं. तरी व्याकरण शिकलेल्या मराठी वाचकाला आपण अगदी परक्या घरात आलो नाही एवढं यातून वाटेल.

पुस्तकाची मांडणी या समजुतीवर बेतली आहे. प्रत्येक शब्द आधी विग्रहासह दिला आहे, मग आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढून, आणि शेवटी डच लोक छापतात तसा सलग. शब्द पत्रांतून, स्टेशनांवरून, शाळेच्या सूचनांमधून आणि बाजारातून निवडले आहेत. विक्रमी लांबीचे शब्द टाळले आहेत. ते फक्त भाषेबद्दलच्या पुस्तकांतच भेटतात. बेल्जियममधल्या आणि सुरिनाममधल्या उच्चारांना हात घातलेला नाही. क्रियापदंही बाहेर ठेवली, कारण त्यांचा आघात हा वेगळा संसार आहे: 'व्होरकोमन'मध्ये जोर 'व्होर'वर दिला तर 'घडणं', 'को'वर दिला तर 'टाळणं'. ही एक जोडी तेवढी आताच पाठ करून ठेवावी. डॉक्टरांकडे गेल्यावर लागते.